तुक्का लागला की माहीत होतं?

या अंकासाठी आलेल्या पत्रांमध्ये ज्ञान, सत्य, पुरावा असल्या विषयांवरचेच प्रश्न जास्त निघाले (उन्हाळ्याचा परिणाम असावा), म्हणून बाकीचे सगळे पुढच्या अंकात ढकलून या वेळी हेच घेते. नावं छापत नाही, फक्त एरिया देते.

प्रश्न (रविनगर): मॅडम, मे २०२४ आठवतो का, नागपुरात पारा ५६ अंशावर गेला म्हणून टीव्हीवर, मोबाईलवर जिकडेतिकडे तेच सुरू होतं. मी तेव्हाच घरात बोललो होतो की हा आकडा चूक आहे. माझ्याजवळ कारण काही नव्हतं, बस वाटलं. नंतर हवामान खात्यानंच सांगितलं की सेन्सरमध्ये गडबड होती. तेव्हापासून मी म्हणून राहिलो की मला माहीत होतं, आणि माझी मुलगी म्हणून राहिली की बाबा, तुमचा तुक्का लागला. निकाल द्या.

उत्तर: काका, आधी मुलीची बाजू सांगते, कारण ती बाजू जुनी पण आहे आणि तगडी पण. प्लेटोच्या ‘थीएटीटस’ नावाच्या संवादात सॉक्रेटिस जवळपास हाच मुद्दा काढतो. समजा कोणाला तरी लुटलं, केस कोर्टात गेली, तिथे वकिलानं थोड्या वेळात असं काही भाषण ठोकलं की निकाल देणाऱ्यांना पटलं, आणि निकाल लागला तो बरोबरच लागला. पण घडलं काय हे जो तिथे हजर होता त्यालाच कळू शकत होतं, यांनी फक्त बोलण्याला भुलून मान डोलावली. त्यांचं मत खरं निघालं, पण त्यांना ‘माहीत होतं’ असं म्हणायला सॉक्रेटिस तयार नाही.

आपल्याकडे बाराव्या शतकात श्रीहर्षानं हेच अजून उघडं करून दाखवलं. ‘खंडनखंडखाद्य’ हा त्याचा ग्रंथ म्हणजे समोरच्याची प्रत्येक व्याख्या फाडायचा उद्योग आहे. त्यात एक जण मुठीत कवड्या लपवतो आणि विचारतो, सांग किती? दुसरा ठोकून देतो, पाच. मूठ उघडली तर पाचच! उत्तर शंभर टक्के खरं, शंका पण नव्हती, वस्तुस्थितीशी जुळतंय पण, मग हे ज्ञान का नाही म्हणता, असं तो नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, विचारतो, आणि व्याख्या थोडी ढिली केली की हा कवड्यावाला आत घुसतो, आवळली की खरा जाणकारच बाहेर राहतो, म्हणजे नैयायिकांची पंचाईत. तर मुलगी म्हणते ते हेच, की बाबा, तुम्ही कवड्यावाले.

पण केस इथे बंद होत नाही. तुम्ही लिहिलंय की ‘माझ्याजवळ कारण काही नव्हतं, बस वाटलं’. ते वाटणं आलं कुठून? तुमचे साठेक उन्हाळे याच गावात गेले असतील, ४४ कसं लागतं आणि ४७ कसं लागतं हे तुमच्या अंगाला ठाऊक आहे, ५६ मध्ये तुम्ही दुपारी गच्चीवर वाळवण पालटायला गेला नसता. कळमन्याच्या मार्केटमधला जुना संत्रा व्यापारी फळ हातात तोलतो आणि सांगतो की याच्यात रस नाही, कापून पाहिलं तर नसतोच, त्याला विचारा कसं ओळखलं तर तो फक्त हसेल. त्याला कारण सांगता आलं नाही म्हणून त्याला माहीत नव्हतं का? अमेरिकन तत्त्वज्ञ अल्विन गोल्डमन यानं १९७९ मध्ये मांडलं की कारण तोंडानं सांगता येणं महत्त्वाचं नाही, ते मत ज्या प्रक्रियेतून तयार झालं ती भरवशाची आहे का हे पाहा, म्हणजे ती प्रक्रिया बहुतेक वेळा खऱ्याकडेच नेते का. या हिशेबानं तुम्ही सुटू शकता.

आता खरी परीक्षा. रॉबर्ट नॉझिक या दुसऱ्या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९८१ मध्ये एक साधा प्रश्न दिला, तो मुलीला तुमच्यावर वापरू द्या: आकडा जर खरा असता, तरी बाबा हेच बोलले असते का? म्हणजे त्या दिवशी ४६ दाखवलं असतं आणि ते खरंच असतं, तेव्हा पण तुम्ही सोफ्यावरून ‘हॅ, फेकून राहिले’ म्हणाला असता का? तुम्ही टीव्हीवरच्या प्रत्येक आकड्याला असंच म्हणत असाल, तर सॉरी काका, बंद पडलेलं घड्याळ पण दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं. आणि ४६ ला गप्प बसून फक्त ५६ लाच अडखळला असाल तर तुम्हाला माहीत होतं, मुलीनं चहा करावा. हे मला इथून ठरवता येत नाही, तुमच्या घरच्यांना पक्कं ठाऊक असेल.

प्रश्न (महाल, अभ्यासिकेतून): मॅडम, मी फिलॉसॉफीमधून नेटची परीक्षा देतेय. नोट्समध्ये आहे की गेटियरच्या तीन पानांनी अडीच हजार वर्षांची ज्ञानाची व्याख्या मोडली. आमचे एक सर म्हणतात हे सगळं भारतात आधीच झालं होतं. पेपरमध्ये लिहू का?

उत्तर: दोन्ही वाक्यं जशीच्या तशी लिहू नको, दोन्ही थोडी फुगवलेली आहेत.

एडमंड गेटियरचा लेख १९६३ मध्ये ‘अ‍ॅनालिसिस’ या नियतकालिकात आला आणि तो खरंच तीनच पानांचा आहे. त्याचं टार्गेट होतं ती व्याख्या अशी की एखादी गोष्ट खरी असली, तुमचा तिच्यावर विश्वास असला आणि त्या विश्वासाला पुरेसं कारण असलं की झालं ज्ञान. त्याचं पहिलं उदाहरण तुला पाठ असेल, तरी बाकी वाचकांसाठी सांगते. स्मिथ आणि जोन्स एकाच नोकरीसाठी आलेत, कंपनीच्या प्रमुखानं स्मिथला सांगितलंय की जोन्सला घेणार, आणि स्मिथनं जोन्सच्या खिशातली नाणी स्वतः मोजलीत, दहा. म्हणून स्मिथ मनाशी म्हणतो, ज्याला नोकरी मिळणार त्याच्या खिशात दहा नाणी आहेत. नोकरी मिळते स्मिथलाच, आणि त्याच्या खिशात पण, त्याला पत्ता नसताना, दहाच नाणी निघतात. वाक्य खरं, विश्वास होता, कारण पण होतं, पण माहीत होतं असं कोणी म्हणणार नाही.

आता ‘अडीच हजार वर्षांची’ हे जे आहे ना, ते तपास. प्लेटोच्या त्याच ‘थीएटीटस’मध्ये शेवटी ‘खरं मत अधिक त्याचं स्पष्टीकरण’ ही व्याख्या येते खरी, पण सॉक्रेटिस ती मान्य करत नाही, संवाद उत्तर न मिळताच संपतो. म्हणजे प्लेटोच्या नावावर जी व्याख्या खपवतात ती प्लेटोनंच पास केलेली नाही.

आणि भारतात आधी झालं का? उदाहरणं आधीची आहेत, यात वाद नाही. आठव्या शतकातला धर्मोत्तर, म्हणजे बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीच्या ग्रंथांवर भाष्य लिहिणारा, त्याचं एक उदाहरण मला गेटियरपेक्षा जास्त आवडतं. मांस भाजायला नुकताच विस्तव पेटवलाय, अजून धूर निघालेला नाही, पण वासानं किड्यांचा थवाच्या थवा वर जमलाय. लांबून पाहणाऱ्याला तो काळा थवा धूर वाटतो आणि तो म्हणतो, तिथे आग आहे. आग आहेच! पण त्यानं पाहिला तो धूर नव्हता. बस, गेटियरच्या बाराशे वर्षं आधी.

पण प्रश्न तोच होता का, हे पेपरमध्ये लिही म्हणजे मार्क मिळतील. नैयायिक विश्वास आणि समर्थन असे तुकडे करतच नाहीत. त्यांच्यासाठी प्रमा, म्हणजे खरं ज्ञान, ही एक घटना आहे, मनात त्या क्षणी उमटलेली जाणीव, आणि प्रश्न असतो की ती कोणत्या साधनातून, म्हणजे प्रमाणातून, उमटली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून ओळखणं) की शब्द (दुसऱ्याचं सांगणं). साधन खरं असेल तर ते चुकीचं फळ देतच नाही, आणि दिलं तर ते साधन नव्हतंच, साधनासारखं दिसणारं काहीतरी होतं. धर्मोत्तराच्या माणसाकडे अनुमान नव्हतं, अनुमानाचा आभास होता. त्यामुळे गेटियरची गाठ तिथे वेगळ्या पद्धतीनं पडते आणि वेगळ्या पद्धतीनं सुटते. ‘आमच्याकडे आधीच होतं’ म्हटलं की ही सगळी मजा जाते, आणि तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग.

प्रश्न (इंदोरा): जय भीम मॅडम. कालाम सुत्तात भगवान बुद्ध सांगतात की ऐकीव आहे, परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतात, एवढ्यावरून मानू नका, स्वतः जाणा. हे मला पटतं. पण मग माझी जन्मतारीख मला कशी माहीत? मी ती आईकडूनच ऐकली.

उत्तर: दादा, हा या वेळचा सगळ्यात भारी प्रश्न आहे.

आधी सुत्त. केसपुत्त गावच्या कालामांची अडचण अशी होती की एक आचार्य येतो, आपलंच खरं आणि दुसऱ्यांचं खोटं म्हणतो, मग दुसरा येतो आणि तेच करतो, आम्ही कोणाचं ऐकायचं? त्यावर बुद्धांनी जी यादी दिली त्यात परंपरा आणि ग्रंथ आहेतच, पण नुसता तर्क पण आहे, हे लोक वाचताना गाळतात. म्हणजे ‘फक्त स्वतःच्या लॉजिकवर चाला’ असा त्याचा अर्थ नाही. आणि पुढे स्वतः जाणायचं ते काय? तर लोभ, द्वेष, मोह यांनी माणसाचं भलं होतं की वाईट होतं, आणि तिथेही सुज्ञ लोक कशाची निंदा करतात, कशाची स्तुती करतात हा निकष बुद्धांनी ठेवलाय. कसं जगावं याबद्दलचं ते बोलणं आहे. जन्मतारखेचा दाखला तिथे कोणी मागितलेला नाही.

आता तुमची जन्मतारीख. ती तुम्ही पाहू शकत नाही, हजर होता पण उपयोग शून्य. चार्वाकांनी फक्त प्रत्यक्ष मानलं, त्यांच्या हिशेबानं तुम्ही अडकलात. दिङ्नाग-धर्मकीर्तीची बौद्ध परंपरा आणि वैशेषिक दर्शनवाले दोनच साधनं मानतात, प्रत्यक्ष आणि अनुमान, ते म्हणतील की तुम्ही आईच्या शब्दावरून अनुमान करता: आई खोटं कशाला बोलेल, तिला तर माहीतच असणार, म्हणून तारीख खरी. नैयायिक म्हणतात एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, शब्द हे स्वतंत्रच साधन आहे, पण शब्द कोणाचा? आप्ताचा. आप्त म्हणजे नातेवाईक नाही हं, ज्याला ती गोष्ट थेट ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगायची इच्छा आहे तो. आणि वात्स्यायनानं न्यायसूत्रांवरच्या भाष्यात लिहून ठेवलंय की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ तिघांना सारखंच लागू आहे. ज्यांना वाटतं की शब्दप्रमाण म्हणजे फक्त पोथी आणि वरच्या वर्णाचं तोंड, त्यांनी हे वाक्य वाचावं. तुमची आई त्या दिवसाबद्दल पक्की आप्त आहे. शाळेच्या दाखल्यावर हेडमास्तरांनी अंदाजानं टाकलेली १ जून मात्र नाही, आणि आपल्याकडे १ जूनला जन्मलेले किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको.

हीच चाळणी झिरो माइलला लावून पाहा. सिव्हिल लाइन्समधला तो खांब आणि चार घोडे, ‘हे भारताचं केंद्र’ असं आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलं, पाहुण्यांना दाखवलं, सेल्फी काढल्या. सांगणाऱ्यांपैकी कोणी मोजलं होतं? तिथला दगड ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हेचा आहे, १९०७ चा, समुद्रसपाटीपासूनची उंची पक्की करायच्या कामातला. बरं, १९४७ ला नकाशाच बदलला, आता मध्यबिंदू म्हणून मध्य प्रदेशातल्या करौंदी गावाचं नाव घेतात. तेव्हा आपल्याला ते ‘माहीत’ होतं असं मला म्हणवत नाही, आपण एकमेकांकडून ऐकत होतो आणि साखळीच्या सुरुवातीला आप्त कोणी सापडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या फॉरवर्डचं पण तेच, पाठवणारा काका प्रामाणिक असतो, सांगायची इच्छा तर भरपूर असते, फक्त त्याला स्वतःला काही ठाऊक नसतं. आप्ताच्या दोन अटींतली एकच पूर्ण झाली.

प्रश्न (नंदनवन): मी बीएला शिकवतो. सत्याच्या तीन थिअरी मुलांना पाठ करून घेतो: वस्तुस्थितीशी जुळणं, बाकीच्या मतांशी जुळणं आणि उपयोगी ठरणं. मुलं विचारतात की सर, यातली खरी कोणती? मी विषय बदलतो.

उत्तर: बदलू नका, रविनगरच्या काकांचं ५६ द्या मुलांना.

ते रीडिंग चूक का होतं? कारण हवा तेवढी तापलेली नव्हती. पहिली थिअरी, अ‍ॅरिस्टॉटलपासूनची, जे आहे ते आहे म्हणणं म्हणजे खरं बोलणं. पण चूक आहे हे कळलं कसं? हवेचं खरं तापमान कोणी हातात धरून त्या आकड्याशेजारी ठेवलं नाही. एका स्टेशनवर ५६ आणि त्याच वेळी दुसरीकडे ४४ च्या आसपास, एवढ्याशा गावात असा फरक पडत नाही, आधीच्या नोंदींशी पण मेळ नाही, म्हणून सेन्सरवर बोट गेलं. म्हणजे पकडलं दुसऱ्या थिअरीनं, बाकीच्यांशी जुळत नाही म्हणून. जोकिम या इंग्रज तत्त्वज्ञानं १९०६ मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. माझं मत विचाराल तर सत्य असतं पहिल्या अर्थानं आणि सापडतं बहुतेक वेळा दुसऱ्या मार्गानं, आणि दोन्हीची गल्लत केली की मुलं गोंधळतात. नुसतं आपसात जुळणं पुरत नाही, कारण गावातले सगळेच सेन्सर एकाच पद्धतीनं बिघडले तर त्यांचं आपसात मस्त जुळेल. खोटे साक्षीदार पण आधी बसून जुळवूनच येतात.

तिसरी, विल्यम जेम्सची १९०७ ची, तिला वर्गात ‘फायद्याचं ते खरं’ असं शिकवतात आणि मग हसतात. तसं नाहीये ते. तिच्याजवळ धर्मकीर्ती ठेवा: जे ज्ञान कृतीत दगा देत नाही ते प्रमाण. पाणी समजून गेलात आणि तहान भागली तर पाणी, वाळू लागली तर मृगजळ. आणि फ्रँक रॅमसी हा इंग्रज तत्त्वज्ञ १९२७ मध्ये म्हणून गेला की ‘बाहेर ऊन आहे हे खरं आहे’ आणि ‘बाहेर ऊन आहे’ यात जास्तीचं काहीच सांगितलेलं नाही, मग सत्य नावाच्या वेगळ्या गोष्टीचा एवढा बाऊ कशाला. हे शेवटच्या बाकावरच्या मुलांना आवडतं.

प्रश्न (धरमपेठ): ज्याचं त्याचं सत्य वेगळं असतं, हेच अनेकांतवाद सांगतो ना?

उत्तर: नाही. ते प्रोटॅगोरस हा ग्रीक विचारवंत सांगतो: तोच वारा एकाला गार लागतो, एकाला नाही, मग ज्याला जसा वाटेल तसा तो त्याच्यासाठी. प्लेटोनं त्याला तिथेच पकडलं, की मग ‘तू चुकतोस’ असं मला वाटत असेल तर ते पण खरंच की! अनेकांतवाद हे जैनांचं म्हणणं, आणि ते उलट आहे, वस्तूलाच खरोखर अनेक बाजू आहेत, आणि ‘स्यात्’ (म्हणजे ‘एका बाजूनं पाहता’) लावून तुम्ही कोणत्या बाजूनं बोलताय ते नक्की करा. बाजू सांगितल्यावर ते वाक्य खरं तरी असतं नाहीतर खोटं तरी. समोरच्याला गप्प करायला अनेकांतवाद वापरू नका.

प्रश्न (रामटेक): मॅडम, मी अकरावीत आहे. काल एक व्हिडिओ पाहिला की आपण सगळे कॉम्प्युटर सिम्युलेशनमध्ये असू शकतो. तेव्हापासून वाटून राहिलं की कशाचंच नक्की माहीत नाही. उद्या फिजिक्सचा पेपर आहे आणि अभ्यासात मन नाही.

उत्तर: व्हिडिओवाल्यांनी नवीन काही केलं नाही. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञानं १६४१ मध्ये कॉम्प्युटरच्या जागी एक कपटी, ताकदवान राक्षस ठेवला होता, जो आपल्याला सगळ्याच बाबतीत फसवतोय. आणि तू रामटेकचा, तुमच्याकडे तर टेकडीलाच बौद्ध विचारवंत नागार्जुनाचं नाव आहे, लोक त्याचा संबंध त्या जागेशी जोडतात. त्यानं ‘विग्रहव्यावर्तनी’ या ग्रंथात विचारलं की तुम्ही म्हणता प्रमाणांनी वस्तू सिद्ध होतात, मग प्रमाणं कशानं सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर ती कशानं? हा तुझ्या सिम्युलेशनपेक्षा अवघड प्रश्न आहे, कारण याला राक्षस पण लागत नाही.

नैयायिकांच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, यावर तराजूचं उत्तर आहे. तराजूनं आपण सोनं तोलतो, तेव्हा तराजू हे साधन. पण तराजूवरच शंका आली तर? ज्याचं वजन आधीच पक्कं ठाऊक आहे असं सोनं टाकून तराजू तपासतो, तेव्हा सोनं साधन आणि तराजू तपासायची वस्तू. इतवारीच्या सराफ्यात हे करायला कोणी फिलॉसॉफी शिकत नाही. कुठलंही साधन तपासता येतं, फक्त सगळी एकदम तपासता येत नाहीत. नागार्जुनाचं एवढ्यावर समाधान होणार नाही हे मला कबूल आहे, तो म्हणेल की हा तर गोल फिरणं झालं. मला तरी नैयायिकांचं जास्त पटतं, कारण त्यांनी शंकेकडून पण हिशेब मागितला: शंका घ्यायला पण कारण लागतं. ५६ वर शंका घेतली तर शेजारच्या स्टेशनचं ४४ हातात होतं. तुझ्याजवळ सिम्युलेशनचं काय आहे? ‘असू शकतं’ एवढंच ना?

दहाव्या शतकातल्या उदयन या नैयायिकानं शंकेची हद्द आखून दिली, जिथे तुझी स्वतःची कृती तुझ्या शंकेच्या आड येते तिथे शंका संपते. पुढे गंगेशानं ते समजावून सांगितलं, की धूर आगीमुळे होतो यावर खरंच शंका असलेला माणूस धूर हवा असताना आग पेटवायला धावत नाही, आणि शब्दानं अर्थ कळतो यावर शंका असलेला दुसऱ्याला काही सांगायला तोंड उघडत नाही. तू मला पत्र लिहिलंस. पोस्टमन आहे, ऑफिस आहे, मला मराठी वाचता येतं, काल व्हिडिओ पाहिला होता आणि पेपर फिजिक्सचाच आहे, केमिस्ट्रीचा नाही, एवढं सगळं धरून लिहिलंस. अंक हातात येईपर्यंत तो पेपर होऊन गेला असेल, कसा गेला ते कळव.